खट् झालं तेव्हा काय दिसलं?

दोस्तांनो, आधी एक कोडं. दवनीवाडा गावात धानाची रोवणी चालली आहे. एका काकूंनी रोपांची जुडी बांधीत भिरकावली. तुमच्या हातात पहिलावहिला एसएलआर कॅमेरा आहे. डोळा लावून तुम्ही वाटच पाहत होता. जुडी हवेत असतानाच बटण दाबलं. खट्! आता सांगा, फोटो निघाला नेमका त्या क्षणी तुम्हाला काय दिसलं?

काहीच नाही! अंधार दिसला. खरंच सांगतो. एसएलआरने फोटो काढणारा माणूस जगातला कितीही मोठा कलाकार असो, त्याने टिपलेला क्षण त्याला स्वतःला कॅमेऱ्यातून दिसलेला नसतो. मला या यंत्राची सगळ्यात मोठी गंमत हीच वाटते.

असं का होतं? एसएलआर म्हणजे आरशाचा कॅमेरा. त्यात भिंगाच्या मागे ४५ अंशांत तिरका एक छोटा आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड या आरशावर आपटून वर जातो, तिथल्या दुधी काचेवर चित्र उमटतं, आणि वरच्या पाचकोनी काचेत वळणं घेत ते तुमच्या डोळ्यापर्यंत येतं. म्हणून भिंग जे पाहतं तेच तुम्ही पाहता. पण फोटो उमटायचा तर उजेड मागच्या सेन्सरवर जायला हवा, आणि वाटेत तर आरसा उभा! मग बटण दाबताच आरसा टपकन वर उचलला जातो. उजेडाला मागे जायला वाट मिळते, पण तुमच्या डोळ्याकडची वाट बंद होते. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात आरसा पुन्हा खाली येतो. आपल्याला वाटतं, कॅमेऱ्याची पापणी लवली.

ही युक्ती जुनी आहे. थॉमस सटन या इंग्रज माणसाने आरशाच्या कॅमेऱ्याचं पेटंट १८६१ मध्येच घेतलं होतं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं अशा कॅमेऱ्यांत वरून वाकून पाहावं लागे आणि चित्रात डावं-उजवं उलटं दिसे. बैल उजवीकडे निघाला की काचेवर तो डावीकडे जायचा! १९४९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात बनलेल्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यात पाचकोनी काच आली आणि चित्र सरळ झालं. तरी एक पंचाईत उरलीच. बहुतेक कॅमेऱ्यांत खट् झाल्यावर आरसा वरच अडकून राही. फिल्म पुढे सरकवेपर्यंत सगळा अंधार. १९५४ मध्ये जपानच्या असाहीफ्लेक्समध्ये आपोआप लगेच खाली येणारा आरसा आला, तेव्हा कुठे फोटोवाल्यांची सुटका झाली.

हा अंधार तुम्हाला नीट पाहता येईल. कॅमेऱ्याची गोल चकती 'एम' (मॅन्युअल) वर फिरवा आणि शटरची, म्हणजे सेन्सरपुढच्या पडद्याची, वेळ पूर्ण १ सेकंद ठेवा. डोळा लावून बटण दाबा. एक खट् ऐकू येईल, सेकंदभर काळोख, मग दुसरं खट्. पहिल्या आवाजात आरसा वर गेला, दुसऱ्यात खाली आला.

आता 'एम' वर आलोच आहोत, तर उजेडाचा हिशेब शिकून घेऊ. धुरा फोडून बांधीत पाणी घेताना घरची मोठी माणसं काय करतात? तोंड मोठं केलं तर बांधी लवकर भरते, लहान ठेवलं तर वेळ लागतो. कॅमेऱ्यातही तसंच. भिंगातलं भोक म्हणजे तोंड, शटर म्हणजे वेळ. भोकाचे आकडे मात्र उलटे वाटतात : एफ/४ चं भोक मोठं, एफ/१६ चं लहान. कारण हा भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २ ने भागलं तर २५ मिलिमीटरचं भोक, १६ ने भागलं तर जेमतेम ३ मिलिमीटरचं. आयएसओ म्हणजे सेन्सर त्या उजेडाला किती मोठं करून दाखवतो ते.

फोटोवाल्यांचा एक जुना नियम पाठ करून ठेवा. लख्ख उन्हात भोक एफ/१६, आयएसओ १००, तर वेळ सेकंदाचा १०० वा भाग. एवढ्यावर फोटो बरोबर येतो. आता भोक एफ/५.६ करा. उजेड आठपट आला. म्हणून वेळ आठपट कमी करा, १/८००. आता हातपंपाचं पाणी टिपा. त्यातला थेंबन् थेंब हवेत थबकलेला दिसेल. मग सावलीत जाऊन १/१५ वर तेच पाणी टिपा, धार मऊ, कापसासारखी येईल. दोन्ही फोटो खरेच. फक्त एकात वेळेचा छोटा तुकडा आहे, दुसऱ्यात मोठा.

बाजारात आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांचा जोर आहे, त्यामुळे जुने एसएलआर पूर्वीपेक्षा स्वस्तात मिळतात. शिकायला ते उत्तम आहेत, असं माझं ठाम मत आहे. कारण तो अंधार! नेमका क्षण दिसणारच नाही म्हटल्यावर तो येण्याआधी ओळखावा लागतो. काकूंचा हात मागे गेला की जुडी उडणार. पक्ष्याने अंग पुढे झुकवलं की तो झेपावणार. हे कळायला आधी खूप वेळ नुसतं पाहत बसावं लागतं.

आणि तुमच्या गोंदिया जिल्ह्यात पाहण्यासारखं काय कमी आहे? उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला सारस महाराष्ट्रात मुख्यतः गोंदियातच उरला आहे. उंच माणसाएवढा, लाल डोक्याचा, जोडीने नाचणारा. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी गवताचं घरटं करतो. अंडी बहुधा दोनच असतात आणि महिनाभर आई-बाबा दोघं आळीपाळीने ती उबवतात. माणूस जवळ आला की ते अंडी उघडी टाकून उठतात, आणि तेवढ्यात कावळे, कुत्रे डाव साधतात. म्हणून सारस दिसला तर लांबूनच, धुऱ्यावर बसून फोटो घ्या. पक्षी चित्रात ठिपक्याएवढा आला तरी चालेल. घरट्याजवळ मात्र कधीच जाऊ नका, आणि कुणी जात असेल तर त्यालाही थांबवा.