वाफेच्या रेडिएटरचं माप

न्यूयॉर्क, बॉस्टनमधल्या शंभर वर्षं जुन्या कित्येक घरांत अजूनही तळघरातल्या बॉयलरची वाफ ओतीव लोखंडी रेडिएटरांत शिरून खोल्या ऊबदार करते. एखादा रेडिएटर तडकला, की बहुतेक जण तेवढ्याच मापाचा दुसरा शोधतात. घाई इथेच नडते. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या काळात ऐन थंडीतही खिडक्या उघड्या ठेवण्यावर भर होता, त्यामुळे रेडिएटर मोठेच बसवले जात. आज त्याच खिडक्यांना बऱ्याचदा दुहेरी काचा असतात!

म्हणून आधी खोलीचा हिशेब करावा. भिंती, खिडक्या, छत यांतून कडाक्याच्या थंडीत ताशी किती उष्णता बाहेर जाते? समजा, ६००० बीटीयू. वाफेवर चालणाऱ्या रेडिएटरचा एक चौरस फूट ‘ईडीआर’ (उष्णता देण्याच्या क्षमतेचं माप) म्हणजे ताशी २४० बीटीयू. तेव्हा २५ चौरस फूट हवेत. एखाद्या रेडिएटरचा हा आकडा टेप लावून मिळत नाही, तक्त्यात पाहावा लागतो. ३८ इंच उंच, तीन स्तंभांच्या रेडिएटरचा एक भाग ५ चौरस फुटांचा धरतात. असे पाच भाग पुरे.

सगळ्या रेडिएटरांची बेरीज बॉयलरच्या कुवतीबाहेर गेली, तर लांबच्या खोल्या गारच राहतात. आणि एकाच पाइपची व्यवस्था असेल, तर रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता ठेवायलाच हवा. नाहीतर वाफ निवून साचलेलं पाणी वाफेला अडवतं आणि पाइप हातोडा हाणल्यासारखे दणदणतात.