पाच कोनांचं कुलूप

अमेरिकेत रस्त्याच्या कडेला बुटके हायड्रंट उभे असतात, सिनेमात पाहिलेच असतील तुम्ही. आग लागली की बंबवाले त्यांना नळी जोडतात आणि डोक्यावरचा नट पान्याने फिरवतात. त्या नटाखाली लांब दांडी असते आणि पाणी अडवणारी झडप असते थेट जमिनीच्या पोटात. वरच बसवली, तर थंडीत पाणी गोठून बसेल ना!

आता गंमत बघा. सायकलच्या नटाला सहा बाजू असतात. समोरासमोरच्या बाजू समांतर, म्हणून पान्याचे दोन सरळ जबडे त्यांना घट्ट धरतात. हायड्रंटच्या नटाला मात्र बहुतेक ठिकाणी पाचच बाजू! कुठल्याही बाजूच्या समोर येतं ते टोक. त्यामुळे साध्या पान्याला नीट पकडच मिळत नाही, तो सटकतो. कुणीही उठून हायड्रंट उघडू नये, म्हणून ही युक्ती.

बंबवाल्यांच्या पान्याच्या डोक्याला पंचकोनी भोक असतं. पण नट कुठे लहान, कुठे मोठे, काही झिजून गुळगुळीत झालेले. म्हणून पान्याच्या दांडीलाच आटे पाडलेले असतात. दांडी पिळली की तिचं टोक भोकात पुढे सरकतं आणि नटाला दाबून धरतं. एकच पाना, कितीतरी नटांना चालतो! मला तर नटापेक्षा हा पानाच जास्त हुशार वाटतो.

नळीचे आटेही जुळायला हवेत बरं का. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहर पेटलं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून मदतीला बंब आले, पण त्यांच्या नळ्या तिथल्या हायड्रंटना बसेनात! सुमारे दीड हजार इमारती जळाल्या. पुढच्याच वर्षी देशभरासाठी आट्यांचं एक माप ठरवलं गेलं.

फिलाडेल्फियात तर अनेक हायड्रंटना फुगीर त्रिकोणाचा नट आहे. तो कुठूनही मोजा, रुंदी सारखीच! साधा पाना त्याच्याभोवती नुसताच गरगर फिरतो.

करून बघायचंय? सहा सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण पुठ्ठ्यावर काढा. कंपासचं टोक एकेका कोनावर ठेवून, सहाच सेंटिमीटर अंतर घेऊन, उरलेले दोन कोन कमानीने जोडा. आकार कापा, दोन समांतर पट्ट्यांमध्ये धरा आणि फिरवा. पट्ट्या जराही हलवाव्या लागणार नाहीत!