कोड : कुंपणच शेत खाते तेव्हा

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. तिथल्या मराठी घरांत आजही मुलीच्या अंगावर पांढरा डाग उमटला की पहिली चिंता औषधाची नसते, लग्नाची असते. लांब बाह्यांचे कपडे शिवले जातात, डाग झाकला जातो आणि दवाखाना मागे पडतो. ही लपवाछपवी का महाग पडते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंपासून शरीराची राखण करतात. कोडात त्यांतल्याच काही पेशी कातडीला रंग देणाऱ्या पेशींना परके समजून मारतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. डॉक्टर याला स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. म्हणून कोड स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्याने ते होते, यालाही आधार नाही. जगात शंभरांत सुमारे एकाला कोड असते आणि निम्म्या रुग्णांत ते विशीच्या आत सुरू होते.

आता महत्त्वाची गोष्ट. कुंपण एका बाजूने शेत खाऊ लागले, तर दुसरी बाजूही पाहावी लागते. कोड असलेल्यांत गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो. सतत थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, पाळी अनियमित होणे ही त्याची लक्षणे. काहींना लहान वयातला मधुमेह होतो : मूल सारखे पाणी पिते, वारंवार लघवीला जाते आणि वाळत जाते. काहींना ब-12 जीवनसत्त्व शोषले न गेल्याने रक्तक्षय होतो व हातापायांना मुंग्या येतात. काहींच्या डोक्यावर चाई पडते. प्रत्येकाला हे होईलच असे नाही. पण थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यावी आणि वरील लक्षणे दिसल्यास साखर व रक्तही तपासावे. थायरॉईडचा विकार रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो. डाग झाकून ठेवला, तर तो कळणार कसा?

कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. कोडाच्या डागावर स्पर्श कळतो. डाग बधिर असेल तर ताबडतोब सरकारी दवाखान्यात जावे. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते व रोग बरा होतो.

शेतात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे : पांढऱ्या कातडीला ऊन लवकर भाजते. सोयाबीन किंवा गहू काढताना अंगभर सुती कपडे घालावेत. बावचीचा लेप मनाने लावून उन्हात बसू नये, फोड येतात. टिकलीच्या गोंदाने किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याने तिथेच डाग पडला, तर ती वस्तू वापरणे थांबवावे.

मलमे व विशिष्ट किरणांचे उपचार आज उपलब्ध आहेत. त्यांना महिने लागतात, पण लवकर सुरू केल्यास अनेकांचा रंग परततो. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

लेवीय पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात (ओवी 38-39) याजकाला कातडीवरचे पांढरे डाग नीट पाहायला सांगितले आहे आणि साधे फिकट डाग असलेल्या माणसाला शुद्ध ठरवले आहे. आपणही आधी नीट पाहावे. मुलीला आधी डॉक्टरांकडे न्यावे. स्थळाचे मग बघता येईल.