कखडीचे ओसाड शेत आणि युद्धाचा कायदा

सातपूर परिसरातील आमचे उपासक-उपासिका त्रिरश्मीच्या लेण्यांवर वंदनेसाठी जातात, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील शिल्पे पाहून परततात. ओसरीच्या भिंतीवरील अक्षरांकडे लक्ष देणारे थोडेच. वस्तुतः युद्धाने सामान्य माणसाचे काय होते, याची एक नोंद तेथेच कोरलेली आहे.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपल्या अठराव्या राज्यवर्षी, विजयी सैन्याच्या छावणीतून, गोवर्धनच्या अमात्याला एक आज्ञा पाठविली. (हे गोवर्धन म्हणजे सातपूरपासून जवळच गोदाकाठी असलेले आजचे गोवर्धन, असे अभ्यासक मानतात.) पश्चिम कखडी या गावातील दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे, अशी ती आज्ञा होती. हे शेत तोवर ऋषभदत्ताकडे, म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या जावयाकडे होते. जिंकलेल्याची जमीन जिंकणाऱ्याने दान दिली, हे उघड आहे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, त्यास हात लावू नये, मिठासाठी तेथे खणू नये, प्रांताच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये, असे संरक्षणही त्यास मिळाले.

पुढे सहा वर्षांनी, चोविसाव्या राज्यवर्षी, राजा व राजमाता यांची दुसरी आज्ञा त्याच ठिकाणी कोरली गेली. पूर्वी दिलेले कखडीचे शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, असे तीत स्वच्छ म्हटले आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून शंभर निवर्तने भिक्षुसंघाला देण्यात आली. दोनशेच्या जागी शंभर!

गाव का उठले, हे लेख सांगत नाही. परंतु या प्रदेशातून नुकतेच मोठे युद्ध गेले होते. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. ज्या मुलखाचे नाणेसुद्धा असे बदलले, तेथील कुणबी आपले घर व नांगर टाकून निघून गेला असेल, तर त्यात नवल ते काय? भिक्षुसंघाला पर्यायी शेत मिळाले, त्याचा लेख झाला. कखडीचे लोक कोठे गेले, याचा लेख कोणी कोरला नाही.

याच लेण्यात राणी गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत पुत्राची प्रशस्ती कोरविली आहे. अपराध केलेल्या शत्रूचाही प्राण घेणे त्याला रुचत नसे, अशी त्याची थोरवी तीत गायिली आहे. आणि त्याच प्रशस्तीत त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, हेही अभिमानाने नोंदविले आहे. मातेच्या दुःखाचा आदर राखूनही आम्हांस म्हणावे लागते की ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. करुणा ही राजाच्या स्वभावावर सोडून दिली म्हणजे असे होते.

सम्राट अशोकाने हे अधिक प्रांजळपणे पाहिले. गिरनार येथे असलेल्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाचा हिशेब आहे : दीड लाख माणसे हद्दपार, एक लाख ठार आणि त्याहून कितीतरी अधिक मृत. तेथेच तो थांबत नाही. श्रमण, ब्राह्मण आणि मातापित्यांची सेवा करणारे, दास-सेवकांशी नीट वागणारे गृहस्थ यांनाही इजा, मृत्यू व प्रियजनांचा वियोग सोसावा लागला. ज्यांना स्वतःला काही झाले नाही, त्यांच्या स्नेह्यांचे दुःख हीसुद्धा त्यांची हानीच, असे तो मानतो. नागरी जीवितहानीची इतकी व्यापक व्याख्या एखाद्या विजेत्याने आपणहून केल्याचे दुसरे प्राचीन उदाहरण आम्हांस आढळलेले नाही. मात्र हा लेख कलिंगातील धौली व जौगड येथे कोरलेला नाही, हेही विसरता येत नाही. ज्यांचे नुकसान झाले, त्यांना तो वाचावयास मिळाला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच युद्धविरोधात शोधले. रोहिणीच्या पाण्यासाठी कोलियांशी युद्ध पुकारण्याचा ठराव शाक्य संघात आला, तेव्हा सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि बहुमताने हरल्यावर परिव्रज्या पत्करली. येथे प्रश्न राजाच्या दयेचा नाही, संघातील ठरावाचा आहे. युद्ध हा सभेत वाद घालून नाकारता येण्याजोगा विषय आहे, हे बाबासाहेबांनी दाखविले.

आजच्या जगात हा विषय कायद्याच्या कक्षेत आला, तो फार उशिरा. १८६४ चा पहिला जिनिव्हा करार जखमी सैनिकांसाठी होता. १९२९ साली युद्धकैद्यांचा करार झाला. सामान्य नागरिकांसाठी स्वतंत्र असा चौथा करार होण्यास १२ ऑगस्ट १९४९ उजाडावे लागले. तोवर दुसऱ्या महायुद्धाने शहरेच्या शहरे बेचिराख केली होती. शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या नागरिकांची हत्या, छळ, लूट, सामूहिक शिक्षा व सक्तीची हद्दपारी यांना हा करार मनाई करतो. पण आकाशातून पडणाऱ्या बॉम्बविषयी तो फारसे बोलत नाही. ती उणीव १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने भरून काढली. सैनिक व नागरिक यांत भेद करावा, लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी अवाजवी होईल असा हल्ला करू नये, आणि लोकांची उपासमार करण्यासाठी पिके, गुरे, पाण्याच्या सोयी नष्ट करू नयेत, असे त्यात आहे. कखडीच्या शेतकऱ्याला हे शेवटचे कलम सर्वांत आधी समजले असते.

भारताने १९४९ चे चारही करार १९५० साली मान्य केले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. १९७७ चे पूरक करार मात्र भारताने स्वीकारलेले नाहीत. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, देवळालीस तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेव्हा हा विषय नाशिककरांनी दूरचा मानण्याचे कारण नाही. करार अमलात आणण्यासाठी आपल्या संसदेने १९६० साली जिनिव्हा करार अधिनियम केला. गंभीर भंगासाठी त्यात शिक्षा आहे, हत्येसाठी देहान्त किंवा जन्मठेपेपर्यंत. परंतु त्याच्या सतराव्या कलमानुसार सरकारने किंवा केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज कोणतेही न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. ज्याचे घर जळाले, त्याला या अधिनियमाखाली स्वतः न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.