आंब्यावरचा काळा डाग येतो कुठून?

गावाहून आलेली आंब्याची पेटी हॉस्टेलच्या खाटेखाली ठेवली की दोन-तीन दिवसांत वास सुटतो, आणि नेमके तेव्हाच सालीवर काळे डाग उठतात. मग दोष एस.टी.च्या धक्क्यांना. आमच्या राणीसावरगावात व्यापारी तोच डाग दाखवून भाव पाडतो, "माल नीट हाताळला नाही" म्हणतो.

खरं म्हणजे हा डाग पेटीत लागलेलाच नसतो. हा करपा. कोलेटोट्रिकम नावाची बुरशी तो आणते. मोहोर किंवा बाळकैरी असताना अवकाळी पाऊस, धुकं आलं की तिचे बीजाणू रुजतात, सालीत जरासे शिरतात आणि तिथेच थांबतात. कैरीच्या सालीत व चिकात बुरशीला मारक द्रव्यं असतात ना! फळ पाडाला लागलं की ती घटतात, साल मऊ पडते, अन् महिनोन्महिने झोपलेली बुरशी जागी होते. याला सुप्त संसर्ग म्हणतात. थंड प्रदेशातल्या पीच फळावरची तपकिरी कूजही अशीच फुलोऱ्यापासून लपून येऊ शकते. म्हणून काढणीनंतर फळ कितीही पुसा, उपयोग नाही.

मग उपाय? बागेत मोहोराच्या वेळची फवारणी, आणि काढणीनंतर लगेच गरम पाणी: ५२ अंश सेल्सिअस, ५ ते १० मिनिटं. इथे आपला हीट ट्रान्सफर कामाला येतो. बुरशी वरच्या पातळ थरात आहे. उष्णता तिथवर पोचायला हवी, गर मात्र शिजता कामा नये. दोन-चार अंश जास्त झाले तर साल भाजते, कमी पडले तर बुरशी वाचते. शिवाय क्रेटभर आंबे बुडवले की पाणीच थंड होतं. चुलीवरच्या पातेल्यात हे साधणं अवघड. थर्मोस्टॅट हवा, पाणी फिरवणारा पंप हवा. फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनो, वीस-पंचवीस झाडंवाल्याला परवडेल अशी टाकी करून बघा की!

२००७ साली अमेरिकेला हापूस गेला तो लासलगावच्या केंद्रात गॅमा किरण देऊन. पण ती मात्रा किडींसाठी होती, करप्यासाठी नव्हे.

दुसरा रोग देठकूज. तो देठाकडून आत शिरतो, म्हणून आंबा झोडपून पाडू नये. झेल्याने, थोडा देठ ठेवून उतरवावा. आणि हो, कच्चा आंबा मेसच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने साल काळवंडते, मग तो धड पिकतही नाही.