कार्ल्याचें लेणें तपकिरी छटेंत

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या कांठच्या मांजरीहून सुटीच्या दिवशीं निघालेला प्रवासी पुणें स्टेशनावर लोणावळ्याची लोकल पकडून मळवलीस उतरला, कीं उत्तरेच्या डोंगरांतील कार्ल्याचें लेणें त्याच्या आटोक्यांत येतें. हल्लीं त्याच्या खिशांत कॅमेरा असतोच. वर जाऊन तो फोटो घेतो आणि बोटाच्या एका स्पर्शानें त्याला तपकिरी, म्हणजे 'सेपिया' छटा देतो. कारण दोन हजार वर्षांपूर्वींची वास्तु जुन्या रंगांत अधिक शोभते, अशी त्याची समजूत असते. ही छटा मूळची कोठली, ती चित्राला काय देते आणि त्यांतून काय हिरावून घेते, हें पाहण्यासारखें आहे.

'सेपिया' हें माकुळाच्या जातीच्या एका समुद्री जीवाचें ग्रीक नांव. संकट येतांच हा जीव गडद शाई सोडून पळतो. त्याच्या पाठींतील कवच आपल्याकडे समुद्रफेस या नांवानें औषधांत वापरतात. युरोपांतील चित्रकार त्या शाईनें चित्रें रेखीत. तिच्या रंगावरून पुढें तपकिरी फोटोंनाही तेंच नांव पडलें. फोटोंत मात्र या शाईचा थेंबही नसतो.

मग जुने फोटो तपकिरी कां? याचीं कारणें दोन, आणि तीं निरनिराळीं आहेत. १८५० सालीं ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थानें अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद प्रचारांत आणला. त्यावर उन्हांत उमटणारें चित्र मुळांतच तपकिरी असे, आणि काळ लोटला म्हणजे त्यांतील पांढरा भागही पिवळा पडे. दुसरा प्रकार बुद्धिपुरस्सर केलेला. काळ्या-पांढऱ्या फोटोंतील काळेपणा हा चांदीच्या बारीक कणांचा असतो. असा फोटो प्रथम एका द्रावांत घालून फिकट करीत व नंतर सोडियम सल्फाइडच्या द्रावांत बुडवीत. तेथें चांदीचा गंधकाशीं संयोग होऊन चित्र तपकिरी रंगांत पुन्हा उमटे. घरांतील चांदीचीं भांडीं काळवंडतात तीही याच संयोगामुळें. भांड्याला जो डाग, तोच फोटोला चिलखत. कारण हा पदार्थ हवेनें सहसा बिघडत नाहीं. तेव्हां ही छटा मूळची केवळ शोभेची नव्हे, टिकाऊपणाचीही होती.

या टिकाऊपणाचें मोल काय, हें अजिंठ्याच्या इतिहासावरून कळतें. मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यानें १८४४ पासून अनेक वर्षें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या रंगीत नकला केल्या. १८६६ सालीं लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथें मांडलेल्या त्यांपैकीं बहुतेक नकला जळाल्या. त्याच गिलनें कॅमेऱ्यानें घेतलेलीं लेण्यांचीं ७४ चित्रें १८६४ सालीं फर्ग्युसनच्या ग्रंथांत छापलीं गेलीं होतीं. प्रती अनेक असल्यानें तीं राहिलीं. पण त्यांवरून अजिंठ्याचे रंग सांगतां येत नाहींत. आकार वांचला, वर्ण गेला.

कार्ल्यासही हीच उणीव भोंवते. येथील चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून दोहों बाजूंस १५-१५ शोभिवंत खांबांची ओळ आहे. छताच्या कमानदार फांसळ्या मात्र खऱ्या लांकडाच्या आहेत. डोंगर पोखरून केलेल्या छताला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. आधीच्या लांकडी चैत्यांची रीत कारागिरांनीं दगडांत जपली, याचा तो पुरावा होय. पुढें वेरुळच्या दहाव्या लेण्यांत अशाच फांसळ्या दगडांतून कोरल्या. म्हणूनच लोक त्याला 'सुतारका झोपडा' म्हणतात. तपकिरी छटेंत लांकूड आणि दगड एकाच रंगाचे होतात, आणि कार्लें व वेरूळ यांतील हा मोलाचा भेद पाहणाऱ्याच्या नजरेंतून सुटतो.

फोनमधील सेपियांत तर गंधकही नाहीं आणि चांदीही नाहीं. तो केवळ रंग बदलतो. चित्राचें आयुष्य वाढवीत नाहीं. म्हणून प्रवाशानें मूळ रंगीत चित्र जसेंच्या तसें राखावें आणि तपकिरी हवेंच असल्यास त्याची निराळी प्रत करावी. कार्ल्याचें तोंड पश्चिमेस आहे, तेव्हां दुपारनंतर जावें. उतरतें ऊन मोठ्या गवाक्षांतून आंत येतें. खांबाशेजारीं एखादा माणूस उभा करावा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. चित्रासोबत तारीख, वेळ व दिशा लिहून ठेवावी, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. पन्नास वर्षांनीं एखादी फांसळी ढळली, तर ती कशी होती हें अशा घरगुती चित्रावरूनही सांगतां येईल. त्या दिवशीं चित्र किती जुनें दिसतें हें कोणी विचारणार नाहीं. तें किती खरें आहे, एवढेंच विचारलें जाईल.