सीतेचं घर की नाटकघर?

रोमचं कोलोसियम इ. स. ८० मध्ये खुलं झालं. झुंजी थांबल्यावर तिथे माणसं राहू लागली, पुढे त्याचे दगड इतर बांधकामांना गेले.

घर की नाटकघर हा प्रश्न त्याहून जुन्या सीताबेंगरा गुहेबाबतही पडतो. ती रायपूरच्या उत्तरेला, सरगुजातल्या रामगढच्या डोंगरात आहे. खडकात कोरलेली बाकं, दाराजवळची भोकं (पडद्याच्या खांबांसाठी?) आणि कवींचा उल्लेख करणारा ब्राह्मी लेख पाहून १९०४ मध्ये पुरातत्त्वज्ञ थिओडोर ब्लॉख यांनी तिला नाट्यगृह ठरवलं. सर्वांना ते पटलं नाही. लोकांसाठी ते वनवासातल्या सीतेचं घरच. ‘मेघदूता’तला रामगिरीही काहीजण हाच डोंगर मानतात, आपण बोट दाखवतो रामटेककडे! आता आषाढात रामगढला महोत्सव भरतो. प्रेक्षक परतले म्हणायचे.